संमतीचा कागद

परमुलखात नोकरी करणाऱ्या मराठी अधिकाऱ्याच्या वाट्याला त्याच्या नेमणुकीच्या हुकमात कोठेही न लिहिलेले एक काम येते. ते म्हणजे शेजारपाजारच्या लोकांचे कागद वाचून देणे. जो कचेरीत बसतो आणि ज्याच्या टेबलावर फायली असतात, त्याला जगातले सर्व कागद समजतात, अशी लोकांची भाबडी समजूत असते. आणि आपणही ती सहसा मोडीत नाही. खरेदीखत, विम्याची पॉलिसी, बँकेची नोटीस, मुलाच्या कॉलेजचा फॉर्म असे नाना कागद भिलाईतल्या मुक्कामात माझ्या हातांखालून गेले आहेत. या सर्वांत एक गोष्ट समान आढळली. आणणारा माणूस मजकुराविषयी क्वचितच विचारतो. त्याचा प्रश्न एवढाच असतो की, सही कोठे करावयाची.

सहीविषयी आपल्या लोकांत एक गूढ भीती आहे आणि तितकीच गूढ बेपर्वाईही आहे. सही केली की आपण बांधले जातो, हे अगदी अंगठा उठवणारालाही ठाऊक असते. पण कशाला बांधले जातो, हे विचारणे त्याला उद्धटपणाचे वाटते. समोरचा मनुष्य मोठा, शिकलेला, उपकारकर्ता असला म्हणजे तर मजकूर वाचू पाहणे हा अविश्वास ठरतो. खत लिहून घेणारा सावकार आणि खत लिहून देणारे कूळ यांच्यातले जुने नाते अजून आपल्या सवयींतून गेलेले नाही.

परंतु एक कागद असा आहे की, त्यावरील सही या सर्व सह्यांहून निराळ्या जातीची आहे. इतर कागदांवरची सही करणाराला बांधते. ही सही करणाराला मोकळे ठेवते आणि करवून घेणाराला बांधते. नव्या औषधाच्या चाचणीत सामील होताना रुग्णाने द्यावयाचे संमतिपत्र, हा तो कागद. त्याची ओळख मला एखाद्या ग्रंथात किंवा व्याख्यानात झाली नाही. ती कॅम्प-१ मधून आलेल्या एका शेजाऱ्यामुळे झाली.

ज्यांनी भिलाई पाहिलेली नाही त्यांच्यासाठी या वस्तीविषयी थोडे सांगितले पाहिजे. १९५५ साली सोव्हिएत संघाशी करार होऊन येथील पोलादाचा कारखाना उभारावयाचे ठरले, आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. हे प्रचंड काम करण्यासाठी देशाच्या कानाकोपऱ्यांतून आलेल्या मजुरांनी जेथे मुक्काम ठोकला, त्या तात्पुरत्या वसाहतींना कॅम्प हे नाव पडले. कारखाना उभा राहिला, रुंद रस्त्यांची आणि झाडांची सेक्टरे वसली, पण कॅम्प काही उठले नाहीत. तंबूच्या नावाने जन्मलेली वस्ती पक्क्या भिंतींची झाली, तरी नाव कॅम्पच राहिले. छत्तीसगढी, भोजपुरी, ओडिया, तेलुगू अशा अनेक बोली कॅम्प-१ च्या एकाच गल्लीत कानांवर पडतात, आणि मधूनच नागपूरकडची मराठीही. कारखान्याच्या कायम नोकरांना सेक्टर ९ च्या मोठ्या रुग्णालयाचा हक्काचा आधार असतो; ठेकेदाराकडे रोजाने जाणाऱ्याचा आधार म्हणजे त्या त्या दिवशीचे नशीब.

अशाच एका ठेकेदाराकडे वेल्डिंगचे काम करणारे एक गृहस्थ एका रविवारी कागदांचा एक जुडगा घेऊन माझ्याकडे आले. ते दुर्ग जिल्ह्यातल्याच एका खेड्याचे. त्यांच्या १९ वर्षांच्या मुलीला सिकलसेलचा आजार आहे. एका मोठ्या शहरातल्या रुग्णालयात त्या आजारावरील नव्या औषधाची चाचणी निघाली होती आणि मुलीला तीत घ्यावे असे तेथल्या डॉक्टरांनी सुचवले होते. कागद अठरा पानांचा होता. ‘‘साहब, दस्तखत कहाँ करना है, बस इतना बता दीजिए,’’ एवढेच त्यांचे म्हणणे होते.

सिकलसेल हा या भूमीचा आजार आहे. रक्तातल्या तांबड्या पेशी एरवी गोल आणि लवचीक असतात. या आजारात त्या प्राणवायू कमी पडताच विळ्यासारख्या वाकड्या आणि ताठर होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, आणि मग हाडांत, छातीत, पोटात असह्य वेदना उठतात. आईबाप दोघांकडून दोष आला तरच हा आजार होतो. एकाकडूनच आला तर मनुष्य केवळ वाहक राहतो. छत्तीसगढ आणि विदर्भ यांच्या राजकीय सीमा आपण कितीही वेळा आखल्या आणि पुसल्या असल्या, तरी हा दोष दोहोंकडच्या गावांतून सारखाच वाहत आला आहे. २०२३ साली केंद्र सरकारने या आजाराच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम हाती घेतली, ती शेजारच्याच मध्य प्रदेशातल्या शहडोल येथून. तात्पर्य, त्या कागदातला प्रश्न एका घराचा होता आणि एका घराचा नव्हताही.

मी कागद वाचू लागलो. वाचता वाचता लक्षात आले की, पहिला गोंधळ ‘इलाज’ या शब्दाचा आहे. बापाची समजूत अशी की, मुलीला नवा आणि मोफत इलाज मिळणार. कागद सांगत होता ते वेगळेच. उपचार म्हणजे ज्याचा गुण आधीच ठाऊक आहे असे औषध रुग्णाच्या हितासाठी देणे. चाचणी म्हणजे ज्याचा गुण ठाऊक नाही असे औषध तो गुण कळावा म्हणून देणे. पहिल्यात डॉक्टर उत्तर देत असतो, दुसऱ्यात तो प्रश्न विचारीत असतो. नव्या औषधाने अधिक बरे वाटेल, काहीच वाटणार नाही किंवा अपाय होईल, यांपैकी काय घडेल हे त्याला खरोखर ठाऊक नसते. ठाऊक असते तर चाचणी करण्याचे कारणच उरले नसते. रुग्ण तेथे डॉक्टरकडे मागावयास गेलेला नसतो, डॉक्टर त्याच्याकडे मागावयास आलेला असतो. हे एकदा ध्यानात आले म्हणजे कागदाचा सूर पालटतो.

हा प्रश्न टप्प्याटप्प्याने विचारला जातो. प्रयोगशाळेत आणि प्राण्यांवर औषध पाहून झाल्यावर पहिल्या टप्प्यात ते थोड्या, बहुधा निरोगी माणसांना देतात. हेतू एवढाच की, ते शरीराला सोसते का आणि किती मात्रेपर्यंत. दुसऱ्या टप्प्यात शेकड्याच्या आसपास रुग्ण असतात आणि गुणाची पहिली चाहूल घेतली जाते. तिसऱ्यात शेकडो किंवा हजारो रुग्णांवर ते चालू उपचाराशी ताडून पाहतात. औषध बाजारात आल्यावरही जी नजर ठेवली जाते तो चौथा टप्पा. म्हणून कागद हाती आला की पहिली विचारपूस करावयाची ती टप्प्याची. पहिल्या टप्प्यात सामील होणारा आणि तिसऱ्या टप्प्यात सामील होणारा यांची जोखीम एकसारखी नसते. आमच्या कागदातली चाचणी तिसऱ्या टप्प्याची होती.

पुढे चिठ्ठीचा भाग आला. निम्म्या रुग्णांना नवे औषध आणि निम्म्यांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी. कोणाला काय, हे यंत्राने टाकलेल्या चिठ्ठीवर ठरणार. आणि ते ना रुग्णाला कळणार, ना डॉक्टरला. बापाला हा शुद्ध जुगार वाटला. आजारी पोरीच्या जिवावर चिठ्ठ्या टाकणारे हे कसले वैद्यक, असा त्याचा संताप होता, आणि तो अगदी स्वाभाविक होता. त्याची समजूत घालण्यासाठी मी त्याला मुंबईची एक जुनी गोष्ट सांगितली.

१८९६ साली मुंबईत प्लेग उद्भवला. पाश्चरच्या पॅरिसमधील संस्थेतून हिंदुस्थानात आलेला वाल्डेमार हाफकिन हा शास्त्रज्ञ ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या लहानशा जागेत कामाला लागला, आणि काही महिन्यांतच त्याने प्लेगची लस तयार केली. १० जानेवारी १८९७ रोजी त्याने ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला, तेव्हा कैद्यांपैकी जे राजी झाले त्यांना ती टोचण्यात आली. न टोचलेल्यांच्या मानाने टोचलेल्यांत प्लेग पुष्कळ कमी आढळला. परळची हाफकिन संस्था आज ज्याचे नाव मिरवते त्याचे धैर्य आणि प्रामाणिकपणा यांविषयी शंका घेण्यास जागा नाही. तथापि आजच्या नजरेने पाहता त्या तुरुंगातल्या प्रयोगाला दोन उणिवा दिसतात. एक अशी की, जे आपण होऊन पुढे आले ते कदाचित अधिक धट्टेकट्टे किंवा अधिक सावध असतील. मग वाचवले कोणी, लशीने की त्यांच्या प्रकृतीने? चिठ्ठी टाकली असती तर ही शंका उरली नसती; कारण चिठ्ठी धट्टाकट्टा आणि दुबळा, सावध आणि बेफिकीर असा भेद करीत नाही, दोन्ही बाजू सारख्या राखते. दुसरी उणीव अधिक खोल आहे. कैद्याच्या ‘हो’ म्हणण्याला ‘हो’ कितपत म्हणावे? ज्याला ‘नाही’ म्हणणे परवडत नाही त्याची संमती ही संमती असते काय? या दुसऱ्या प्रश्नाने माझी पाठ पुढे बराच वेळ सोडली नाही, कारण दारिद्र्याला तुरुंगासारख्या भिंती नसल्या तरी दरवाजे तेवढेच थोडे असतात.

चिठ्ठीने काय साधते याचे आपल्याच देशातले उदाहरण मोठे हृद्य आहे. आपल्या वडिलांच्या पिढीत क्षय झाला की सॅनिटोरियम, हे समीकरण होते. मिरजेजवळच्या वानलेसवाडीला किंवा पाचगणीला ज्यांना जाता आले नाही ते घरी खंगत राहिले. १९५६ साली मद्रासला भारतीय वैद्यक संशोधन परिषद, मद्रास सरकार, ब्रिटनची वैद्यक संशोधन परिषद आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी मिळून एक केंद्र उघडले. तेथे शहरातल्या गरीब वस्त्यांतील सुमारे दोनशे रुग्ण चिठ्ठ्या टाकून दोन गटांत विभागले गेले. एका गटाला सॅनिटोरियमची हवा, विश्रांती आणि सकस आहार मिळाला. दुसरा आपल्या दाटीच्या घरात राहून, आपले नेहमीचे अपुरे अन्न खाऊन तीच औषधे घेत राहिला. १९५९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. घरचे रुग्ण जवळजवळ तितकेच बरे झाले होते, आणि त्यांच्या घरातल्या माणसांना त्यांच्यामुळे अधिक लागणही झाली नव्हती. जगभरच्या सॅनिटोरियमांचे दिवस तेथून भरत आले. गुण औषधाचा होता, डोंगराच्या हवेचा नव्हे, हे सिद्ध करावयास मद्रासच्या झोपडीतले रुग्ण साक्षीदार झाले. ज्यांना सॅनिटोरियम कधीच परवडले नसते अशा लक्षावधींना त्या चिठ्ठीने जगवले.

मात्र चिठ्ठी न्यायाची केव्हा? दोन्ही बाजूंना जे ठाऊक आहे ते तरी मिळत असेल तेव्हाच. या मुद्द्याला आपल्या कोकणाने सुंदर उत्तर दिले आहे. रायगड जिल्ह्यातल्या महाडला डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी विंचूदंशाने मरणारी माणसे पाहिली आणि प्राझोसिन या औषधाने ती वाचवता येतात हे दाखवून दिले. पुढे विंचवाच्या विषावरील प्रतिविष उपलब्ध झाले, तेव्हा ते प्राझोसिनला जोडून दिल्याने अधिक लाभ होतो काय, असा प्रश्न उभा राहिला. त्यांनी ७० रुग्णांची चाचणी केली आणि ती २०११ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाली. ३५ जणांना नुसते प्राझोसिन, ३५ जणांना प्राझोसिन आणि प्रतिविष. दहा तासांत पूर्ण बरे झाले ते पहिल्या गटात ८, दुसऱ्यात ३२. ध्यानात घेण्यासारखी गोष्ट अशी की, ज्याने जीव वाचतो हे आधीच सिद्ध झाले होते ते प्राझोसिन कोणालाही नाकारले गेले नाही. तालुक्याच्या गावी, रुग्णांच्या रोजच्या दुखण्यातून उठलेला प्रश्न, आणि कोणाचेही ताट न ओढता मिळवलेले उत्तर. चाचणी कशी असावी याचा याहून सोपा धडा मला ठाऊक नाही.

मी इथवर आलो तोवर ती मुलगीही येऊन बसली होती. मी कागदाची पहिली ओळ पुन्हा पाहिली आणि बापाला विचारले की, हिला यातले काय सांगितले आहे. तो म्हणाला, तिला काय सांगावयाचे, सही तर मीच करणार. वस्तुतः ती १९ वर्षांची. अठरा वर्षांखालील मुलांसाठी आईबाप संमती देतात आणि जाणत्या मुलाचा होकारही विचारला जातो. परंतु अठरा पूर्ण झाल्यावर संमती ज्याच्या शरीराची त्याचीच. सही तिची होती आणि तिला कोणी विचारलेच नव्हते. त्या क्षणापासून मी बापाकडे न पाहता तिच्याशी बोलू लागलो.

तिने जे प्रश्न विचारले ते कोणत्याही समितीला शोभले असते. पहिला प्रश्न असा की, आज ती घेते ती हायड्रॉक्सियुरियाची गोळी बंद होणार काय. कागद पाहिला, दोन्ही गटांत ती चालूच राहणार होती. म्हणजे खोटी गोळी ज्यांच्या वाट्याला येईल त्यांचे चालू ताट ओढले जाणार नव्हते. दुसरा असा की, रात्री दोन वाजता वेदना उठल्या तर कोणाला फोन करावयाचा आणि खर्च कोणी सोसावयाचा. तिसरा, मध्येच सोडावेसे वाटले तर पुढे त्या रुग्णालयात आपल्याला दारात उभे करतील काय. चौथा प्रश्न तिने विचारला नाही, पण कागदात होता. चाचणी दीड वर्षाची होती, आणि त्या काळात गर्भ राहता कामा नये, अशी अट होती. बापाने येत्या वैशाखात तिचे लग्न योजिले होते. ते कलम मी वाचले तेव्हा तो खाली पाहू लागला आणि ती सरळ माझ्याकडे पाहत राहिली. अठरा पानांतल्या तेराव्या पानावरची ती एक ओळ त्या घराच्या साऱ्या वर्षाचा बेत पालटणारी होती. आणि सही कोठे करावयाची एवढेच सांगितले असते तर ती कोणाच्या दृष्टीसच पडली नसती.

या प्रश्नांची उत्तरे आज कायद्याने द्यावी लागतात, ती सहजासहजी मिळालेली नाहीत. अमेरिकेतल्या टस्कीगी येथे १९३२ पासून १९७२ पर्यंत सुमारे ४०० कृष्णवर्णीय उपदंशग्रस्तांना उपचाराच्या मिषाने केवळ निरखत ठेवले गेले. मध्यंतरी पेनिसिलिन निघाले, तेही त्यांच्यापर्यंत पोचू दिले गेले नाही. त्यांच्यापैकी कित्येकांना आपल्यावर प्रयोग चालला आहे हेच ठाऊक नव्हते. नाझी डॉक्टरांवरील खटल्यातून १९४७ साली न्यूरेंबर्गची संहिता निघाली आणि १९६४ साली हेलसिंकीचा जाहीरनामा. पण जाहीरनामे वस्त्यांपर्यंत चालत जात नाहीत. आपल्याकडे चाचण्यांत गरिबांना पुरते न सांगता घेतले जाते अशा तक्रारी वाढल्या, तेव्हा इंदूरच्या स्वास्थ्य अधिकार मंचाने २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठावले. त्यानंतर नियम कडक होत गेले, आणि १९ मार्च २०१९ रोजी नवी औषधे व चाचण्या यांविषयीचे सध्याचे नियम जारी झाले.

त्या नियमांचे सार आपल्या वाचकांपैकी प्रत्येकाने मनात ठेवण्यासारखे आहे. चाचणीतला पहिला रुग्ण घेण्यापूर्वी तिची नोंद भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या सार्वजनिक नोंदवहीत व्हावी लागते. नोंदणीचा क्रमांक मागून घेतला म्हणजे चाचणी खरी की बनावट हे कोणालाही पाहता येते. प्रत्येक चाचणीला नीतिसमितीची मंजुरी लागते. तीत किमान सात सभासद असतात, निम्मे तरी त्या संस्थेबाहेरचे, त्यांत कायदा जाणणारा एक, आणि वैद्यकाशी संबंध नसलेला एक सामान्य मनुष्यही. या समितीशी बोलावयाचा पत्ता आणि फोन संमतिपत्रावरच असतो. माहितीपत्रकाची आणि सही केलेल्या संमतिपत्राची एक प्रत रुग्णाला द्यावीच लागते. ती दिली नाही तर तेथेच थांबावे. निरक्षराच्या बाबतीत ज्याचा चाचणीत काही स्वार्थ नाही असा साक्षीदार हजर असावा लागतो, आणि संपूर्णपणे नव्या रसायनाच्या चाचणीत दुर्बल स्थितीतल्या रुग्णाची संमती घेताना सर्व संभाषण चित्रित करावे लागते.

चाचणीत काही इजा झाली तर गरज असेपर्यंत किंवा ती इजा चाचणीमुळे नाही असे ठरेपर्यंत उपचार मोफत. चाचणीमुळे इजा किंवा मृत्यू ओढवला तर भरपाई निराळी. प्रचलित उपचार उपलब्ध असूनही तो न देता खोटी गोळी दिली आणि त्यामुळे अपाय झाला, तर तोही भरपाईस पात्र धरला जातो. सर्वांत मोलाचे कलम शेवटचे. रुग्ण कोणत्याही दिवशी, कोणतेही कारण न देता बाहेर पडू शकतो, आणि त्यामुळे त्याच्या नेहमीच्या उपचारात कसलीही उणीव करता येत नाही. म्हणूनच मी वर म्हटले की, ही सही करणाराला मोकळे ठेवते.

एवढे सगळे सांगूनही एका गोष्टीची खात्री कोणताच नियम देत नाही. ती म्हणजे औषध चांगले निघेल याची. सिकलसेलचाच दाखला घ्यावा. मुलगी घेते ती हायड्रॉक्सियुरियाची गोळी अमेरिकेत २९९ प्रौढ रुग्णांवर अशीच चिठ्ठ्या टाकून पारखली गेली. वेदनांचे झटके जवळजवळ निम्म्याने कमी होतात असे दिसल्यामुळे ती चाचणी मुदतीआधीच थांबवण्यात आली आणि १९९५ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. उलट व्हॉक्सेलोटर हे औषध रक्तातले हिमोग्लोबिन वाढवते म्हणून २०१९ साली अमेरिकेत मान्य झाले; पुढच्या चाचण्यांत वेदनांचे झटके आणि मृत्यू यांचे आकडे काळजीचे दिसू लागले, तेव्हा २०२४ च्या सप्टेंबरात कंपनीने ते साऱ्या जगाच्या बाजारातून परत घेतले. कागदावरचा आकडा सुधारला म्हणजे माणूस सुधारला असे होत नाही, हे आपण कचेऱ्यांत रोज पाहतो. वैद्यकातही तेच खरे आहे. म्हणून चाचणीत यश कशाला म्हणणार, रक्ताच्या अहवालाला की रुग्णाच्या दिवसाला, हेही विचारून घ्यावे.

बापाने कागद घडी करून परत नेला. पंधरा दिवसांनी बापलेक त्या रुग्णालयात गेले, तेव्हा मुलीने आपले प्रश्न छत्तीसगढीत विचारले. कागद हिंदीत होता, पण ती हिंदी कचेरीची होती; डॉक्टरांनी तेथल्याच एका परिचारिकेला बोलावून सर्व कलमे तिच्या बोलीत पुन्हा सांगवली. तिने सही केली. लग्न एक वर्ष पुढे गेले. कारण विचारता ती एवढेच म्हणाली की, माझी आजची गोळी कोणीतरी आधी घेऊन पाहिली होती. आपण कोणत्या गटात आहोत हे तिला अद्याप ठाऊक नाही. तिच्या डॉक्टरांनाही नाही. दोघेही उत्तराची वाट पाहत आहेत, आणि ती वाट दोघांची सारखीच आहे.

आपल्यासारख्या परमुलखात राहणाऱ्यांना या हकिगतीतून एक गोष्ट विशेष घेण्यासारखी वाटते. ज्यांच्यात आपण राहतो ते आपल्या शब्दाला वजन देतात. कित्येकदा त्या शब्दाच्या योग्यतेपेक्षा अधिक देतात. अशा वेळी ‘करून टाका, चांगले आहे’ असे म्हणणे अतिशय सोपे असते, आणि ‘कशाला भानगडीत पडता’ असे म्हणणे त्याहूनही सोपे असते. दोन्हींचा परिणाम एकच. ज्याचे शरीर आहे त्याच्या हातून निर्णय आपल्या हाती येतो, आणि संमतीच्या कागदावर नाव त्याचे असले तरी मन आपले उमटते. डॉक्टरची भीड असते तशीच साहेबाचीही भीड असते. वाचून देणाराने मजकूर पुरता वाचावा, अवघड शब्द सोपा करून सांगावा, प्रश्न सुचत नसतील तर सुचवावे, घाई करू नका, घरी जाऊन विचार करा, असे बजावावे. आणि आपले मत विचारले गेले तर ते मात्र शक्य तितके आवरून धरावे.

संमती म्हणजे ‘हो’ म्हणणे, असे आपण समजतो. वास्तविक ‘नाही’ म्हणण्याची वाट जेथे खुली असते तेथेच ‘हो’ला काही अर्थ असतो. भायखळ्याच्या कैद्यांपुढे ती वाट कितीशी खुली होती, हा प्रश्न इतिहासाकडे राहिला. कॅम्प-१ मधल्या, किंवा आपण जेथे जेथे नोकरीनिमित्त जाऊन राहतो तेथल्या गल्लीतल्या माणसासाठी ती वाट खुली ठेवणे कायद्याने आपल्या परीने साधले आहे. त्या कायद्याचे मोल मात्र कागद वाचणाराच्या सचोटीवर अवलंबून आहे. आणि तेवढे काम आपल्याला करता येण्यासारखे आहे.